गवतात सापडलेलं खुरपं

त्याचं नाव मी विचारलंच नाही. कोल्हारला रस्त्याकडेला फवारणीचे पंप दुरुस्त करणारा माणूस, एवढीच ओळख. हिरवळ कापायचं माझं मशीन कशाला तरी धडकून बंद पडलं होतं, म्हणून ते राहात्याहून त्याच्याकडे घेऊन गेलो.

त्यानं डोळे मिटून दोरी हळूच ओढली, कान दिला आणि विचारलं, "धडकलं कशाला?"

मी पिशवीतून गंजलेलं खुरपं काढलं. त्याची मूठ कधीच कुजून गेली होती.

"आमच्या हिचं. हरवलं तेव्हा तिनं सगळी बाग पालथी घातली होती. आता तीच नाही."

त्यानं इंजिन उघडलं. इंजिनाच्या चाकातली नखाएवढी पट्टी तुटली होती. "मऊच असती ती. ती तुटली म्हनून इंजिन वाचलं," म्हणत त्यानं नवी बसवली. दुसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं.

मग त्यानं हात पुसले. मशीनला हात लावताना पुसले नव्हते. खुरप्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत म्हणाला, "एकाच बाजूनं झिजलंय, तेबी उलट्या. काकू डावखुऱ्या हुत्या व्हय?"

मी नुसती मान हलवली. ती गेल्यापासून तिच्याबद्दल इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"मूठ बसवून देऊ?"

"द्या."

हिरवळ अजून मशीनच कापतं. गुलाबांच्या बुडाशी मात्र मी खुरपं घेऊन बसतो, डाव्या हातानं. जमत नाही.