शांताक्कांचे दोन गाल
शांताक्का दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत मला स्टाफरूमच्या खिडकीशी न्यायच्या आणि आपलं तोंड उजेडात धरायच्या. "पाहून सांग, कोण्चा गाल उजळला?"

ओरत्तनाडूच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी त्यांच्या हाताखाली नवखी. तंजावरहून रोज मोपेडवर यायच्या, भर वेयिलात, रणरणत्या उन्हात. दोन्ही गालांवर वांग पसरला होता. "अस्की लोक, सगळेच्या सगळे, डोळे सोडून गालाकडंच बघतात," म्हणायच्या. त्याचा त्यांनी धसकाच घेतला होता.

डॉक्टरांनी एक सावकाश गुण देणारं क्रीम दिलं होतं, शेजारणीनं मेडिकलमधून दुसरीच ट्यूब आणून दिली. बाई गणिताच्या, ताळा केल्याशिवाय काही मानायच्या नाहीत. डाव्या गालाला डॉक्टरांचं, उजव्याला शेजारणीचं. "आरसा भिडेखातर बोलतो," म्हणून परीक्षक मी.

तीन आठवड्यांत उजवा गाल उजळला. मी तसं सांगितलं आणि त्याच दिवसापासून ती ट्यूब दोन्ही गालांना लागू लागली. पुढे मला जबड्यापाशी लाली दिसली. पण आमच्याकडच्या बायका रोजच तोंडाला हळद लावून न्हातात. त्या पिवळेपणात नीट कळेना. हळदच असेल, अशी मी मनाची समजूत घातली. अक्का इतक्या खुशीत होत्या की जीभ रेटेना.

एका मंगळवारी त्या हळदीविना आल्या. गाल लालभडक, त्यांवर बारीक शिरा, पदराचा वाराही सोसवत नव्हता. मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे, रंग झटकन उजळतो पण कातडी पातळ होते, असं ते म्हणाले. आपल्या क्रीमला निदान तीन महिने तरी द्यायचे होते, असंही म्हणाले. मग विचारलं, ही लावायला सांगितली कोणी? 

"मीच लावले," अक्का म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मात्र त्यांनी मला थांबवलं. "तुला पहिलेच दिसलं होतं, न?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मला बरं वाटेल ते सांगू नको गं. दिसलं ते सांग."

लाली उतरायला वर्ष गेलं. वांग परत आला, तो आहेच. निवृत्तीनंतर अक्का तिरुवैयारूला मुलीकडे राहतात. फोनवर मी काही चांगलं सांगितलं की त्या लगेच बोलत नाहीत, क्षणभर थांबतात. मी दिसलं तेच सांगतेय की नाही, याचा मनात ताळा करत असाव्यात.