गोराईची खाडी, साडेतीनशेची ड्राय बॅग आणि बाबांचे कान

उजव्या कानाचं यंत्र सुरू झालं आहे. अंधेरीच्या श्रवणतज्ज्ञ बाईंनी सोमवारी सकाळी फोन करून तसं सांगितलं. डाव्याचं विचारलं तर म्हणाल्या, "आत अजून ओल आहे. बुधवारपर्यंत थांबा."

यंत्रं माझ्या बाबांची. शनिवारी आम्ही दोघं गोराईच्या खाडीत कायाक चालवायला गेलो, तेव्हा ती मी स्वस्तातल्या ड्राय बॅगेत ठेवली होती. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. तरुणपणी कापड गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, काम करून कान गेले. यंत्र लावायला त्यांना राजी करण्यात माझी दोन वर्षं गेली. "ह्यां बिघाडला तर दुसरा घेवचंय नाय," हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

खाडीचा बेत माझाच. लहानपणी मालवणकडे होडी वल्हवलेला माणूस बोरीवलीत चौथ्या मजल्यावर बसून टीव्ही बघतो, हे मला बरं वाटत नव्हतं. बॅग मालाडच्या बाजारात घेतली. दहा लिटरची, केशरी, साडेतीनशे रुपये. नावाजलेल्या बॅगा याच्या चौपट-पाचपट. तोंड तीनदा गुंडाळून बकल लावलं की पाणी आत जात नाही, असं दुकानदाराने दाखवलं.

"गॅरंटी?" मी विचारलं.

"या भावात गॅरंटी नसते मॅडम. विश्वास असतो."

विश्वासावर माझा विश्वास नाही. निघायच्या तीन दिवस आधी बॅगेत वर्तमानपत्र कोंबलं, बादलीत बुडवली, वर वरवंटा ठेवला. तासाने काढली. कागद कोरडा. बाबा खुर्चीतून सगळं बघत होते. खांद्याचा पट्टा तळाशी जिथे चिकटवला होता तिथे त्यांनी दोनदा बोट फिरवलं. मी लक्ष दिलं नाही.

शनिवारी सकाळी घरून रिक्षाने गोराई जेट्टी, तिथून फेरीबोटीने पलीकडचं गाव. फेरी दहा-पंधरा मिनिटांची. सुट्टे पैसे जवळ ठेवा आणि भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या. कायाक देणारा हरेश गावातलाच, चाळिशीचा. त्याने बाबांकडे बघून मला विचारलं, "काकांना जमेल ना?"

"तुका जमता मां?" बाबांनी त्यालाच विचारलं. हरेश हसला आणि त्याने दोघांची होडी काढली. बाबा पुढे, मी मागे. "काका, कानातलं काढून ठेवा, पाणी उडतं."

बाबांनी दोन्ही यंत्रं रुमालात गुंडाळली. मी ती बॅगेत टाकली, तीन घड्या मोजून बकल लावलं आणि बॅग होडीच्या मधल्या खोलगट भागात ठेवली.

पहिला अर्धा तास झकास गेला. दोन्ही बाजूंना खारफुटी, चिखलावर पांढरे बगळे. बाबांचं वल्हं माझ्यापेक्षा सरळ पडत होतं. हरेश त्याच्या होडीतून पुढे होता. आम्ही खाडीच्या मधोमध आलो आणि उजवीकडच्या वळणावरून एक मच्छीमार बोट वेगात येताना दिसली.

"डावीकडे घ्या! डावीकडे!" हरेश ओरडला.

मी ओरडले, "बाबा, डावीकडे!" बाबा संथपणे वल्हवत सरळच निघाले होते. त्यांना ना हरेश ऐकू येत होता, ना मी, ना त्या बोटीचं इंजिन. ते डावीकडच्या बगळ्यांकडे बघत होते, बोट अजून त्यांच्या नजरेत आली नव्हती. मी एकटी डावीकडे ओढत होते, ते सरळ नेत होते. होडी आडवी झाली आणि डगमगली. पुन्हा हाक मारली. शेवटी वल्हं लांब करून मी त्यांच्या उजव्या खांद्यावर दोनदा टेकवलं.

ते वळून बघत बसले नाहीत. उजव्या बाजूने तीन जोरदार फटके मारले आणि होडी खारफुटीकडे वळली. बोट बाजूने गेली. लाट आमच्या होडीत चढली आणि मधला खोलगट भाग पाण्याने भरला. त्यात बॅग अर्धी बुडाली. बादलीतली परीक्षा आठवून मी निर्धास्त होते.

आम्ही काठाला लागलो. बाबा वाळूवर बसून म्हणाले, "गिरणीत कोण कोणाचा ऐकायचो? साच्यांच्या आवाजात खांद्यार हात ठेवूनच बोलूक लागायचा."

मग मी बॅग उघडली. आत ओंजळभर पाणी होतं. रुमाल चिंब, यंत्रं गप्प. वाट लागली, एवढंच मनात आलं. या लेखासाठी स्वस्त बॅगांविरुद्धचा मथळासुद्धा सुचला. बॅग उलटी केली तेव्हा तळाच्या पट्ट्याजवळ केशरी दोऱ्याचे टाके दिसले. बारीक, एकसारखे, दोन ओळींत. प्रत्येक टाक्यातून थेंब गळत होता.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातली बॅग बघितली.

"चिकटवलेला खंय टिकता? म्हणान दाभणान शिवलंय," ते म्हणाले. मग टाक्याखाली हात धरला. तळव्यावर थेंब पडला. गावात बोंबील-भाकरी मागवली होती, तिला त्यांनी हात लावला नाही. फेरीत बॅग मांडीवर घेऊन बसले. मला काही सांगायचं होतं, पण ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं असतं तर अख्ख्या बोटीने ऐकलं असतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला.

फेरीतूनच मी श्रवणतज्ज्ञ बाईंना फोन लावला. त्यांनी बॅटऱ्या काढायला सांगितल्या. तांदळात पुरू नका, हेअर ड्रायर लावू नका, यंत्रं लगेच घेऊन या, म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही ती अंधेरीला पोचवली.

आता तुम्हा वाचकांचा प्रश्न: स्वस्त ड्राय बॅग चालेल का? पाऊस, शिंतोडे, होडीतलं पाणी, कपडे, डबा यांसाठी खुशाल घ्या. आमची बॅग न शिवता टिकली असती, असं मला वाटतं. पण निघायच्या दिवशी, सगळं करून झाल्यावर, ती पुन्हा बादलीत बुडवा. मी तीन दिवस आधीच्या निकालावर गेले, ही चूक माझी. आणि ज्याच्यावाचून अडतं ती वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात घालून मगच बॅगेत ठेवा.

आज दुपारी उजवं यंत्र घरी आलं. बाबांनी ते स्वतःच लावलं. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसून बाईंचा निरोप सांगितला: डावं सुरू होईल याची खात्री नाही. झालं नाही तर नवीन घ्यावं लागेल, कानाचं माप पुन्हा द्यावं लागेल. एवढं बोलून मी थांबले. नको म्हणतील याचीच वाट बघत होते.

बाबांनी कानातलं यंत्र बोटाने नीट बसवलं.

"बुधवारी कितीक वाजता निघूचा?" त्यांनी विचारलं.

अकराची वेळ मिळाली आहे. दहाला निघतोय.