गोळी खरी निघाली

मी तूप सोडलं, चीज सोडलं, अंड्यातला बलक नवऱ्याच्या ताटात सरकवला, तरी माझं कोलेस्टेरॉल खाली यायचं नाव घेईना. वडील आणि थोरला भाऊ, दोघेही पन्नाशीच्या आत हार्ट अटॅकने गेलेले. मी सत्तेचाळीसची. फॅमिली डॉक्टरने दिलेल्या नेहमीच्या गोळ्यांनी मांड्या इतक्या दुखायच्या की जिना उतरताना रडू यायचं. शेवटी त्या बंदच कराव्या लागल्या.

अशात इथे, आम्ही राहतो त्या ग्लासगोच्या हॉस्पिटलमध्ये माझ्यासारख्यांसाठी एका नव्या गोळीची ट्रायल सुरू झाली. काहींना खरं औषध मिळणार, काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी. कोणाला काय, ते डॉक्टरांनाही कळणार नव्हतं.

"स्वतःवर प्रयोग करून घेणार?" नवरा वैतागला.

"अहो, घरात बसून वाट कशाची बघू?" मी म्हणाले आणि सही केली.

मग सकाळी उपाशीपोटी बसने हॉस्पिटल गाठायचं. तिथली नर्स सगळ्या बायकांसारखं मलाही ग्लासगोच्या पद्धतीने लाडाने 'हेन' म्हणायची, शीर सापडेपर्यंत हात चोळायची आणि रक्त घेऊन झालं की टोस्ट द्यायची. रिपोर्ट मात्र दाखवायची नाही. यावेळी पाय दुखत नव्हते, आणि मला त्याचीच धास्ती! काहीच होत नाही म्हणजे आपल्या वाट्याला खोटी गोळी आली असणार.

ट्रायल संपल्यावर डॉक्टरांनी बोलावलं. नवराही आला. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. "तुमची गोळी खरी होती," ते हसून म्हणाले, "बघा, किती खाली आलंय. आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल जेवणामुळे नव्हतंच, ते तुमच्याकडे वारशाने आलंय. आता ही गोळी चालू ठेवू."

"ऐकलंत?" मी नवऱ्याला मराठीत म्हणाले. "वर्षानुवर्षं माझ्या फोडणीवर घसरत होतात!"

तो डोळे पुसत होता.

घरी आल्या आल्या कोट न काढताच मी नागपूरला त्या थोरल्या भावाच्या मुलीला फोन लावला. तिने आजवर एकदाही रक्त तपासून घेतलं नव्हतं.

"उद्याच्या उद्या लॅबमध्ये जा," मी म्हणाले. "काही निघालं तरी घाबरू नकोस. यावर औषध आहे, मी स्वतः घेऊन बघितलंय."

"आत्या, ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला!"

ओरडत होते खरी. आनंदच तेवढा झाला होता.