क्वारीवरची साफसफाई

कोजागरीनंतरचा रविवार. माझ्याजवळ सोसायटीचे पाच हजार रुपये, सोबत आमचे सचिव देसाईकाका. कळंबोलीहून रिक्षाने निघालो ते आम्ही दोघंच.

पनवेल मागे पडलं आणि डोंगराच्या कुशीतली बंद 'क्वारी' (दगडखाण) दिसू लागली. तिथे माती भरून झाडं लावायचं काम एका कंत्राटदाराकडे आहे. देखभालीचा हप्ता आमची सोसायटी देते; हे पाच हजार त्याचेच. लावलेली रोपं बहुतेक मेली. पण गेल्या वर्षी याच सुमारास मी आले, तेव्हा कुर्डू, टाकळा, तेरडा आपोआप उगवला होता. रुईवर पट्ट्यापट्ट्यांचे सुरवंट होते, खाणीतल्या पाण्यावर चतुर भिरभिरत होते.

या वेळी उतरले, तर अर्धा उतार भादरलेला. चुन्याच्या रेघा, मांडव. सहा बायका विळ्यांनी उरलेला उतार कापत होत्या.

"हे कोणी सांगितलं?"

"मॅडम, वृक्षारोपणाला पाहुणे येणार," कंत्राटदार म्हणाला. "रान माजलंय. साप निघाला तर?"

"जे उगवावं म्हणून पैसे देतो, तेच कापताय."

"ते गवत हो. झाडं टेम्पोत आहेत."

टेम्पोत शोभेचे पाम होते.

देसाईकाका हळूच म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. फोटो काढू, पैसे देऊ, निघू."

कापलेल्या ढिगात रुईची पानं होती, सुरवंटांसकट. एक अजून खात होता. मी कापणी थांबवायला सांगितली.

पुढे असलेल्या हिराबाई, शेजारच्या गावातल्या, विळा टेकून उभ्या राहिल्या. "ताई, तुमचा किडा जगंल. आमची रोजी कोन देल? यो तं काम केल्याबिगर पैसा देनार नाय."

प्रश्न रास्त होता. "मी देते. पूर्ण दिवसाची."

"बसून मिलंल तं कोन कापतंय," त्या म्हणाल्या आणि बाकीच्या हसल्या.

रोजी घेऊन बायका गेल्या. पाहुणे येऊन जाईपर्यंत मी त्या उरलेल्या गवताच्या कडेला बसून राहिले. मांडवातला शिरा खाल्ला नाही.

परतताना राग उतरत नव्हता. हा डोंगर वर्षानुवर्षं सुरुंगाने फोडला, तेव्हा धूळ झाडायलाही कुणी आलं नाही. जरा हिरवा झाला, तर लगेच 'माजला'.

"वहिनी, हिशेबात काय लिहू?" देसाईकाकांनी विचारलं.

"गवत न कापल्याची मजुरी."

सहा बायकांना पाचशेप्रमाणे तीन हजार दिले. दोन हजार सोसायटीत परत भरले. कंत्राटदाराला काही दिलं नाही.