बिनपंख्याचा स्विच

खांबावरून पडलो तेव्हा मी जामखेडमध्ये इंटरनेटच्या वायरी ओढायचं काम करत होतो. पायात सळई घालावी लागली आणि वर चढणं कायमचं संपलं. मालक भेटायला आले, खुर्चीच्या कडेवर बसले. "नेटवर्किंगची परीक्षा देऊन टाक. बसून करायचं काम मिळेल कुठंतरी." कुठंतरी म्हणजे त्यांच्याकडे नाही, हे मला कळलं.

लॅपटॉपवर खोटं नेटवर्क उभं करून सराव करता येतो. पण माझा लॅपटॉप जुना, दोन-चार यंत्रं मांडली की थिजून जायचा. शिवाय हातानं वायर खोचून बघितल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही. म्हणून काठी टेकत एसटीनं नगरला गेलो. तिथं एक भंगारवाला बंद पडलेल्या ऑफिसांतला माल घेतो. त्याच्याकडे स्विच, म्हणजे बरेच कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे डबे, आणि राउटर विटांसारखे रचलेले होते. मी एक राउटर आणि त्यातल्या त्यात मोठा, चोवीस वायरींचा स्विच निवडला.

"लई दणकट हाय," तो म्हणाला. "वजनावर देतो, घ्या."

आमच्या घराला दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पप्पांची खाट. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलण्यात एकच शब्द उरला होता, 'बास'. चहा हवा असला तरी बास, नको असला तरी बास.

स्विचला वीज दिली आणि घरात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं झालं. त्याच्या आतले पंखे एवढे ओरडतात हे मला ठाऊकच नव्हतं. कामावर असताना आम्ही असले स्विच ऑफिसातल्या बंद कपाटात बसवून यायचो. पप्पांनी डावा हात खाटेवर आपटला. "बास! बास!"

मी स्विच स्वयंपाकघरात नेला, खाली गोधडी घातली, दार लावलं. आवाज येतच राहिला. शेवटी झाकण उघडून पंख्यांची वायर काढली, तर स्विच तापून बंदच पडला.

ताई अंगणवाडीतून आली. पप्पांचं तोंड पुसता पुसता म्हणाली, "अरे, ह्या आवाजात त्यांना बाहेरचं ऐकू येत नाही. शाळेची पोरं जातात-येतात, तेवढं ऐकत पडलेले असतात ते. दुसरं काय आहे त्यांना?"

मी वायर परत जोडली आणि ते धूड पोत्यात घालून पुन्हा नगर गाठलं. बिनपंख्याचा, आठ वायरींचा, जेवणाच्या डब्याएवढा स्विच मागितला.

"एवढा मोठा देऊन ह्यो घेता?"

"घरात आजारी माणूस आहे."

त्यानं बाहीनं धूळ पुसून डबा हातात दिला.

त्यानंतर मी पप्पांच्या खाटेशेजारीच अभ्यासाला बसू लागलो. मोठ्यानं वाचायचो. एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जायचा रस्ता राउटर कसा शोधतो, ते त्यांना सांगायचो. ते हिरवे दिवे बघत राहायचे. मी घाईघाईनं पुढं गेलो की बोट गादीवर टेकवायचे, पोराला 'पुन्हा म्हण' सांगावं तसं. मी पुन्हा म्हणायचो. त्यांना त्यातलं किती कळत होतं कोण जाणे. पण आजारपणानंतर आम्ही दोघं एवढा वेळ कधी एकत्र बसलो नव्हतो.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात त्यांना दुसरा झटका आला. दवाखान्यातून ते परत आले नाहीत. चर्चच्या पाळकांनी प्रार्थना केली, माती झाली, माणसं पांगली. मी परीक्षा पुढं ढकलली आणि बरेच दिवस पुस्तकाला हात लावला नाही. मग एकदा बसलो. राहिलेला अभ्यास मनातल्या मनातच केला.

पास झालो. निकाल तिथल्या तिथं पडद्यावर आला. पुण्यात दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. दोन्हीकडे काठीकडे बघून विचारलं, जिन्यानं वर-खाली करावं लागेल, जमेल का? नंतर फोन आला नाही. आता नगरला एका ऑफिसात पडद्यावर इंटरनेटच्या लाईनी बघत बसतो. कुठली बंद पडली की दुसऱ्या कुणाला तरी खांबावर पाठवतो.

निकालाच्या दिवशी स्टँडवरून ताईला फोन केला होता. ती म्हणाली, "बरं झालं." मागं एसटीचा कंडक्टर ओरडत होता.

"जेवायला काय करू?" तिनं विचारलं.

"काहीही कर," मी म्हटलं.