कॅप्सूल नको म्हटलं ते

माझी बोटं गेली ती माझ्याच हट्टापायी. आधीच सांगून टाकते, उगा दुसऱ्या कुणाला बोल नको.

आम्ही चाकणच्या अलीकडच्या गावातले. शेत कंपनीत गेलं, तेव्हापासून मी घरबसल्या रबराच्या बुशांचं, गाडीत बसवायच्या त्या पोकळ नळकांड्यांचं, काम घेते. साच्यातून निघालेल्या बुशाला बारीक कड राहते, ती ब्लेडनं काढायची. ती डोळ्यांना दिसत नाही बरं का, बोटाच्या टोकालाच कळते. नेमक्या त्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, बी-बारा पार तळाला गेलंय. इंजेक्शन घ्या, नाहीतर ह्या कॅप्सूल रोज. एकही चुकवायची नाही."

सुईचं मला भारी भय. कॅप्सूल आणल्या. तर शेजारीण म्हणते, "काकू, गळ्यात माळ अन् हे गिळता व्हय? टरफल जनावराच्या हाडाकातड्याचं असतंय त्याचं!"

झालं. सुनेला सांगावं तर ती रागावणार. गुपचूप मेडिकलात गेले, म्हटलं, "बाबा, बीची साधी गोळी दे, टरफल नसलेली." त्यानं बी-कॉम्प्लेक्स दिली. मी म्हटलं, बी ते बी, त्यात काय निराळं? लघवी हळदीसारखी पिवळी व्हायची, तर मी खूश, औषध लागू पडतंय!

दोन-अडीच महिन्यांनी एका दुपारी हातातले बुश लाल दिसले. बोट चांगलं कापलेलं, अन् मला पत्ताच न्हाई. सून पट्टी बांधायला धावली, डब्यात तिला त्या गोळ्या दिसल्या. "आई, अहो ह्यात बी-बारा नावाला आहे! एका शब्दानं विचारायचं तरी!" अन् रडायलाच लागली पोर.

डॉक्टर म्हणाले, "जिभेखाली विरघळणारी गोळी मिळते की, टरफल नसलेली. तेव्हाच बोलला असता तर दिली असती. आता सुईच."

"बोटं परत येतील न्हवं?"

ते कागदावर लिहीत राहिले.

दिवसाआड जाते. सातव्या सुईला दंडात चांगली कळ आली. मी सिस्टरचा हात धरला. "बाई, दंडाला कळतंय गं. एकदा बोटात टोचून बघ."

"आजी, असं नसतं करत."

"तुझ्या पाया पडते."

डोळे मिटून बोट पुढं केलं. वाट पाहिली, पाहिली.

"टोच की गं."

"टोचली, आजी."