डॉमनिक सरांचे प्रत्यय

शनिवारच्या क्लासचं कोणी काढलं की मी म्हणते, एकच किस्सा सांगते हं! मग एकाला दुसरा चिकटतो आणि चहा गार होतो. जुन्या भाषांचे प्रत्यय शिकायला अंधेरीच्या गावठाणात आम्ही तिघं जमायचो: मी, मैत्रीण मृणाल आणि बँकेतून रिटायर झालेले सावंतकाका. शिकवायचे डॉमनिक सर, स्वतःच्याच व्हरांड्यात.

पहिल्या दिवशी मी गेट उघडते तोच आतून आरोळी, "शर्राकानुम!" मी उलटी पळाले! आधीपासून येणाऱ्या मृणालने धरून आणलं. "अगं, अक्कादी आहे ते, जुन्या इराकची भाषा. शर्राकुम म्हणजे चोर. मधे 'आन' घातलं की तोच तो, ठरावीक चोर."

"माझा डस्टर नेणारा," सर म्हणाले. "तुला नाही गं बाय, बस."

डस्टर सावंतकाकांच्या बुडाखाली निघाला.

*

लॅटिनचा 'तोर' म्हणजे करणारा. दोकेरे म्हणजे शिकवणं, म्हणून दोक्तोर म्हणजे शिकवणारा. सावंतकाकांनी ताबडतोब पँट वर केली. "मग सर, तुम्हीच बघा ना माझा गुडघा!"

*

अक्कादीत शर्रुम म्हणजे राजा, शर्रूतुम म्हणजे राजेपण.

"म्हणजे आपलं 'गिरी' ना, सर?" मृणाल.

"'पण' लावलं की राजा राहतो. 'गिरी' लावली की दादा होतो!" मग माझ्याकडे बघून, "तुला येत होतं ना?"

येत होतं. मी म्हटलं, "नाही."

*

मग सरांचा आवाज बसला तो बसलाच. घशाचं ऑपरेशन झालं. कुजबुजत मला म्हणाले, "मी फळ्यावर लिहीन, तू मोठ्याने वाच. तू नाही वाचलंस तर क्लास संपला, बाय."

मी "हो" म्हटलं. शनिवारी सकाळी वाटलं, सगळ्यांसमोर मोठ्याने? माझ्याने नाही व्हायचं! ग्रुपवर टाकलं, "ताप आलाय."

सावंतकाका: "किती?"

घाबरून लिहिलं, "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार!"

काकांनी अंगठा पाठवला.

पुढच्या शनिवारी कुठल्या तोंडाने जाणार? गेलेच नाही. माझ्याऐवजी सावंतकाका वाचायचे, पण त्यांची अक्कादी पार मालवणी! दोन महिन्यांत क्लास बंद पडला.

*

परवा मृणाल हजेरीची वही घेऊन आली. "सरांनी दिलीय. तूच बघ."

सर हजेरीसुद्धा लॅटिनमध्ये मांडायचे. मृणालपुढे 'वेनित', आली. काकांपुढेही तेच. माझ्यापुढे गैरहजर कुठेच नव्हतं. 'तूरा' लावला की गोष्ट झालेली नसते, व्हायची असते. 'वेंतूरा', येणार असलेली. त्या तापाच्या शनिवारी 'वेंतूरा'. पुढच्या शनिवारी 'वेंतूरा'.

मी पानं उलटत गेले. क्लास बंद पडल्यानंतरच्याही शनिवारच्या तारखा घातलेल्या होत्या. त्यांच्याखाली नाव एकच, माझं.